एकच बेल

“काल डावा पाय हुता,” मगदूमकाका म्हणाले.

मी खाली बघितलं. क्रेप बँडेज उजव्या पोटरीला होतं. पहाटे साडेचारला अर्धवट झोपेत गुंडाळताना मी पायच चुकले होते. औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईनं खोटं दुखणं काढावं आणि तेही भलत्याच पायाला, म्हणजे अकलेची कमालच म्हणायची.

“आता दोन्ही दुखतायत,” मी म्हणाले.

“मग दुसऱ्याला बँडेज न्हाई ते?”

“एकच होतं.”

“दुकानात एकच हुतं?”

मी वाकून बँडेजचं टोक आत खोचलं. डोक्यावरची केशरी टोपी कानांवर ओढून घेत काका तलावाकडं बघत राहिले. सांगलीहून तासाभराच्या अंतरावरचा हा तलाव. काठावर पन्नास-साठ माणसं पोहण्याच्या कपड्यांत कुडकुडत उभी होती आणि प्रत्येकाच्या दंडावर मार्करनं नंबर घातलेला होता. माझा एक्कावन्न, काकांचा बावन्न. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल आणि शेवटी पाच किलोमीटर धावायचं. हे सगळं सव्वादोन तासांत. ट्रायथलॉन म्हणतात या स्पर्धेला, आणि त्यातलीही ही सगळ्यांत लहान. हौशी माणसांसाठी.

मला त्या पाण्यात उतरायचंच नव्हतं. तीन दिवस आधी सराव म्हणून आम्ही इथं आलो होतो, तेव्हा मी पन्नास मीटर गेले आणि पुढं वीस मिनिटं बचावाच्या होडीला धरून लोंबकळले. सांगलीच्या तरणतलावात खालची निळी फरशी दिसते, पाय टेकतील असा भरवसा असतो. इथं खाली बघितलं तर आपलेच हात दिसत नाहीत. होडीवाल्यानं शेवटी विचारलं, “बाई, वर येताय का तिथंच ऱ्हाताय?” त्या रात्री मी बँडेजचा बेत केला. आदल्या दिवशी नंबर घ्यायला गेले तेव्हा मुद्दाम लंगडत गेले, चार लोकांना दिसेल असं.

आता हे एवढं का लागून राहिलं होतं, ते सांगायला हवं. मी, वृंदा आरवाडे, वय तेव्हा सेहेचाळीस, आयुष्यात एक गोष्ट धड शेवटाला नेलेली नाही. सतार तीन महिने. जर्मन भाषा पहिल्या पुस्तकातल्या रेल्वे स्टेशनपर्यंत, तिथून गाडी सुटलीच नाही. नवऱ्यासाठी, म्हणजे श्रेणिकसाठी, स्वेटर विणायला घेतला त्याला एकच बाही झाली. तो बिचारा दर थंडीत एकदा तो घालून घरभर हिंडतो आणि अर्धी ऊब तरी मिळाली म्हणतो. माझी मुलगी मला ‘पूर्वार्ध’ म्हणते. या स्पर्धेला नाव घातलं तेव्हा तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, “आई, पोहून झाल्यावर घरी येणार का सायकल झाल्यावर?”

मी हसले होते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घरातले थट्टा करतात तोवर ठीक असतं. थट्टा खरी आहे असं आपल्यालाच वाटायला लागलं की मग अवघड. ही एक गोष्ट तरी संपवायची, नाहीतर आपण पूर्वार्धच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि पोटरीला बँडेज बांधून मी त्यातूनही सुटायला निघाले होते. दुखण्यापायी सोडलं तर तो काही आपला दोष नसतो.

मगदूमकाका आमच्या गटातले सगळ्यांत थोरले. आण्णासो मगदूम, एसटीचे निवृत्त कंडक्टर, वय एकसष्ट. निवृत्तीनंतर काकूंनी त्यांना बजावलं होतं की सकाळी सहा ते नऊ घरात दिसायचं नाही. म्हणून ते आधी फिरायला लागले, मग धावायला, मग सायकल, आणि शीतल बिरनाळे म्हणून आमचा जो कोच आहे त्यानं त्यांना एक दिवस पोहायलाही नेलं. लहानपणी ते पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले होते, पण त्यालाही पंचेचाळीस वर्षं झालेली. तरणतलावात दर पंचवीस मीटरला कठडा धरून ते थांबायचे आणि मी जवळून गेले की विचारायचे, “मॅडम, श्वास बाहेर कवा सोडायचा?” मी सांगायची. पुढच्या कठड्याला परत तेच.

नोकरी सुटली तरी माणूस गाडीतून उतरला नव्हता. रविवारी सायकलवर निघण्याआधी ते सगळ्यांची डोकी मोजत. कुणी चहाच्या टपरीवर मागं राहिलं असेल तर हलत नसत. अंतर किलोमीटरमध्ये कधीच नाही, एसटीच्या भाड्याच्या टप्प्यात. एक टप्पा सहा किलोमीटरचा. मी धापा टाकत अजून किती राहिलं असं विचारलं की ते म्हणत, “दीड टप्पा.” ऐकायला ते खरंच कमी वाटायचं. आणि पोहण्याबद्दल त्यांचं एकच मत होतं. साडेसातशे मीटर हे टप्प्यातबी धरत न्हाईत, त्याचं तिकीटच फाटत न्हाई, मग भ्यायचं कशाला.

तर त्या सकाळी आम्ही शेवटच्या तुकडीत होतो. पहिली तुकडी तरण्या पुरुषांची, दुसरी बायकांची, आणि तिसरी साठीच्या पुढच्यांची आणि नवख्यांची. आम्ही चौदाजण. सुरुवातीच्या इशाऱ्यासाठी आणलेला भोंगा आयत्या वेळी बिघडला होता, म्हणून संयोजकांनी गावातल्या शाळेची पितळी घंटा मागून आणली होती आणि घंटेबरोबर मुख्याध्यापकही आले होते. ते फेटा बांधून, हातोडी घेऊन, अत्यंत गंभीरपणे एका टेबलाशेजारी उभे होते. घंटा लिंबाच्या फांदीला टांगलेली.

माझा बेत सोपा होता. घंटा झाली की दोन पावलं पुढं जायचं, पोटरी धरून खाली बसायचं, आणि शीतलनं येऊन “राहू दे वृंदाताई” म्हणायची वाट बघायची. तो म्हणणारच, स्वभावानं मऊ आहे.

घंटा झाली. टण्ण.

बाराजण पाण्यात पडले. मी दोन पावलं पुढं गेले, पोटरीला हात घातला, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आणखी एकजण गेलेला नाही. मगदूमकाका काठावर ताठ उभे होते. उजवा हात वर, डोक्याच्याही वर, बसमधली दांडी धरावी तसा. आता दोघंजण एकाच वेळी खाली बसणं बरं दिसलं नसतं.

“काका, घंटा झाली,” मी म्हणाले.

“झाली की. पण एकच बेल झाली.”

“मग?”

“एक बेल म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. दोन झाल्याबिगर माझा पाय उचलत न्हाई, मॅडम. बत्तीस वर्षांची सवय हाय.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा अगदी सरळ होता, नजर समोर पाण्यावर, आणि पाय खरोखरच चिखलात रोवल्यासारखे. कपाळावर घामाचे थेंब आले होते, त्या थंडीत. पलीकडून होडीतून शीतल हात हलवत ओरडत होता, काय ते ऐकू येत नव्हतं. घड्याळ चालू झालेलं. पुढचे बाराजण, पाण्यात खुणेसाठी बांधलेल्या पहिल्या केशरी फुग्याच्या अर्ध्या वाटेवर पोचलेले.

मी धावत मुख्याध्यापकांकडं गेले. लंगडायचं विसरले, हे नंतर कळलं. त्यांना विनंती केली की अजून एकदा वाजवा. ते म्हणाले की मला एकच वाजवायला सांगितलेली आहे. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, बाई, दोन वाजवल्या तर शाळेत सुट्टी होते. त्यांची हातोडीही त्यांनी मागं धरली, मी हिसकावीन की काय म्हणून.

मी परत काठावर आले. संताप आला होता. चार महिने या माणसाबरोबर पहाटे उठले होते, श्वास बाहेर कधी सोडायचा हे दोनशे वेळा सांगितलं होतं, आणि हा एका घंटेपायी घरी जाणार. माझं सोडा, माझी तर तीच रीत आहे, पण काकांनी कशाला असं करावं.

“काका, मी देते बेल,” मी म्हणाले. “टिंग टिंग. झालं? चला.”

ते हलले नाहीत. “असं न्हवं. बेल देणारा गाडीच्या आत असतो. खाली रस्त्यावर उभं राहून कोणबी बेल देईल.”

“म्हणजे काय करू?”

त्यांनी हनुवटीनं पाण्याकडं खूण केली.

मी काही विचार केला नाही, हे खरं. विचार केला असता तर उतरलेच नसते. सरळ पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पाणी इतकं गार होतं की बोलताना दात वाजत होते. वळून दोन्ही हात तोंडाशी धरून मी ओरडले, “टिंग टिंग.”

काठावरची माणसं बघायला लागली. काकांनी हात खाली घेतला, एकदा मागं वळून बघितलं, कुणी चढायचं राहिलं नाही ना असं बघावं तसं, आणि धप्पकन पाण्यात पडले. माझ्या शेजारून जाताना म्हणाले, “चला मॅडम, गाडी सुटली.”

आणि मग मी पोहले. दुसरं काय करणार होते, सगळ्यांदेखत छातीभर पाण्यात बेल देऊन परत काठावर यायचं? पहिल्या फुग्यापर्यंत मी रडत पोहले. दुसऱ्या फुग्याशी मला पायाला काहीतरी गुंडाळतंय असं वाटून जीव घाबरा झाला, साप असेल म्हणून. ते बँडेज होतं. सुटून माझ्यामागं पाच हात लांब तरंगत येत होतं. होडीवाला सरावाच्या दिवशीचाच. त्यानं वल्ह्यानं ते उचलून घेतलं आणि म्हणाला, “बाई, आज धरायला येतच न्हाई तुम्ही.” मला इतकं हसू आलं की नाकातोंडात पाणी गेलं. पण हसणारा माणूस बुडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. निदान मी बुडाले नाही.

सायकलचं फार सांगत नाही. वारा समोरून होता, जाताना आणि का कोण जाणे येतानाही. धावण्यातल्या शेवटच्या किलोमीटरला माझ्या दोन्ही पोटऱ्या खरोखरच आखडल्या, डावी आणि उजवी. देव असतो, आणि त्याला विनोदबुद्धी असते. मी लंगडत, मनातल्या मनात टिंग टिंग म्हणत, दोन तास अकरा मिनिटांनी कमानीखालून गेले. माझ्यामागं दोघंच होते. काका माझ्या आधी सात मिनिटं पोचलेले. गळ्यात पदक घालून ते कमानीपाशी उभे होते, आणि त्यांच्या हातात ओलं बँडेज नीट गुंडाळी करून ठेवलेलं.

“प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं,” ते म्हणाले आणि ते माझ्या हातात दिलं.

मी तिथंच, संयोजकांच्या केळ्यांच्या टोपलीशेजारी बसून मोठ्यानं रडले. श्रेणिकला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “झालं.” त्याला वाटलं मला काहीतरी झालं. खरं काय ते कळेपर्यंत तो निम्म्या रस्त्यापर्यंत गाडी घेऊन आला होता.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी ती किती ठिकाणी सांगितली असेल याचा हिशेब नाही. भिशीत, लग्नात, दुकानात औषध काढता काढता. कंडक्टर बेलसाठी अडला आणि मी त्याला पाण्यात घातला. एका महिला मंडळानं मला ‘दुसऱ्याला धीर कसा द्यावा’ या विषयावर बोलायला बोलावलं, तिथंही हीच सांगितली. त्यांनी शाल आणि श्रीफळ दिलं. त्या एका सकाळी आपण एका भ्यालेल्या माणसाला पुढं नेलं, म्हणजे आपल्यात काहीतरी असणार, या भरवशावर मी नंतर आणखी चार स्पर्धा संपवल्या. स्वेटरची दुसरी बाहीही झाली. ती पहिलीपेक्षा लांब आहे, पण झाली.

मागच्या महिन्यात काकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी मी मोसंबी घेऊन भेटायला गेले. काका पलंगावर बसलेले, समोर वॉकर. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं की डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, चालायला हवं, पण हे उभे राहतात आणि पाऊल टाकत नाहीत. चार दिवस झाले. पोरगी येते व्यायाम घ्यायला, ती दमली. विचारलं की म्हणतात उद्या.

बाहेर खुर्चीत आणखी एक पाहुणे होते, पांढरी दाढी, इलाहीभाई मुल्लाणी. अकरा वर्षं ते आणि काका एकाच गाडीवर होते, इलाहीभाई ड्रायव्हर आणि काका कंडक्टर. एसटीचा माणूस समोर बसलेला, मग मला राहवतंय का. मी माझी गोष्ट काढली. हातवारे करून, मुख्याध्यापकांचा आवाज काढून, सगळी साग्रसंगीत सांगितली. काका चहा पीत खाली बघत होते.

“आणि काका म्हणाले, एक बेल म्हणजे थांबा, बत्तीस वर्षांची सवय,” मी म्हणाले.

इथं लोक हसतात. इलाहीभाई हसले नाहीत. कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, “सवय? ह्याला कसली सवय?”

“बेल ऐकून थांबायची.”

“मॅडम, बेल ऐकून थांबतो त्यो ड्रायव्हर. ती सवय मला. ह्यो बेल मारनारा. ह्यानं जन्मात कधी कुनाची बेल ऐकलेली न्हाई.”

मी काकांकडं बघितलं. ते बशीतल्या चहावर फुंकर मारत होते, चहा कधीच गार झालेला असताना. सात वर्षं. शाल, श्रीफळ आणि महिला मंडळ. इतकी सरळ गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती, आणि ऐकणाऱ्या शे-दोनशे माणसांपैकी कुणाच्याही आली नव्हती. मला लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

“काका, तुम्ही माझ्यासाठी थांबला होता?”

“बँडेज बघितलं तवाच कळलं हुतं,” ते म्हणाले. “समजवायला गेलो असतो तर तुम्ही आणखी पाच कारणं काढली असती. शिकलेली बाई. म्हटलं, हिला काम लावावं.”

“मग इतकी वर्षं मी सगळीकडं सांगत होते ते...”

“ते खोटं न्हाई.” त्यांनी बशी काकूंच्या हातात दिली. “थांबलो तुमच्यासाठी. पण थांबलो आणि नीट पाण्याकडं बघितलं, तर मग माझाच पाय उचलंना. खरंच उचलंना, मॅडम. तुम्ही आत जाऊन बेल दिली नसती तर मी कपडे घालून घरी येणार हुतो.”

हे खरं की माझी समजूत काढण्यासाठी, कोण जाणे. या माणसाचा आता काही भरवसा नव्हता. पण त्या दिवशीचा कपाळावरचा घाम मला आठवला, आणि घाम काही नाटकात येत नाही.

तेवढ्यात दारावरची घंटा एकदा वाजली. व्यायाम घेणारी मुलगी आली होती. तिनं काकांना हात देऊन उभं केलं, वॉकर पुढं ठेवला आणि म्हणाली, “चला आजोबा, आज दारापर्यंत.” काका वॉकर धरून उभे राहिले. ताठ, नजर समोर. काकू म्हणाल्या टाका की हो पाऊल. इलाहीभाई म्हणाले टाक रे आण्णा. मुलीनं घड्याळाकडं बघितलं. काकांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“एकच बेल झाली,” ते म्हणाले.

यावेळी ते नाटक नव्हतं, एवढं मला कळलं. मी उठले. बेल देणारा आत असावा लागतो, म्हणून वॉकरच्या पलीकडं, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोटातल्या अंगठीनं वॉकरच्या नळीवर वाजवलं. टण टण.

खुर्चीत बसल्याबसल्या इलाहीभाईंनी हवेतच गिअर टाकला.

“किती टप्पे?” काकांनी विचारलं.

मी मागं वळून मोजलं. “दारापर्यंत सहा फरशा.”

“मग हे टप्प्यातबी धरत न्हाईत,” ते म्हणाले, आणि त्यांनी डावा पाय पुढं टाकला.